हक्काचा गारवा

कारंजखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत अर्थशास्त्र शिकवलं. 'मिश्र अर्थव्यवस्थेचे गुण-दोष लिहा' हा प्रश्न पाच गुणांना हमखास यायचा, आणि मुलं पाठ केलेलं उत्तर उतरवून मोकळी व्हायची: भांडवलशाहीची कार्यक्षमता आणि समाजवादाचा न्याय, दोन्ही पदरात पडतात. मी बरोबरची खूण करून पुढचा पेपर ओढायची. त्या उत्तरावर माझा कधी विश्वास नव्हता, पण गुण द्यायला विश्वास लागत नाही.

स्वभावानं मी संशयी आहे, हे गावाला माहीत आहे. दुधाचं माप मी डोळ्यांदेखत घेते, आणि औषधाच्या दुकानात पाकिटावरची तारीख चष्मा लावून वाचते. "मंदा, तू प्रसादाचा पेढासुद्धा उलटा करून पाहतेस," असं आमचे दिवाकरराव म्हणायचे. तेव्हा त्या मे महिन्यात भिंतीतल्या जाळीतून येणारी हवा कोमट लागली, त्याच क्षणी मी ठरवून टाकलं की आमचा गारवा कोणीतरी खातंय.

भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी जाळीला तळहात लावून उभी होते आणि मागून दिवाकरराव म्हणाले, "कुसुम, पाणी दे."

कुसुम म्हणजे त्यांची बहीण. तिला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली.

मी चादर भिजवून त्यांच्या अंगावर टाकली. पाच वर्षांपूर्वी त्यांना उन्हाचा जबर झटका बसला होता. त्यातून ते वाचले, पण शरीराची ऊन-सावली सांभाळणारी यंत्रणा गेली ती गेलीच. तेव्हापासून खोली गार असेल तर ते पेपर वाचतात, माझ्याशी वाद घालतात, कॅरमसुद्धा जिंकतात. खोली तापली की आधी नावं जातात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अशा जितक्या दुपारी जातील तितकं त्यांच्यातलं थोडं थोडं परत यायचं राहील. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो.

आमच्याकडचा उन्हाळा आता कूलरला आणि वाळ्याच्या ताट्यांना जुमानत नाही. म्हणून गावाबाहेर पोलादी टाक्यांची ती लांबलचक रांग उभी राहिली. टाक्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ आहे. त्याचे रेणू जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी गरगर फिरत असतात, मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे. प्रचंड दाब दिला की ते निमूट एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतात. हे काम डिसेंबर-जानेवारीत करायचं, म्हणजे ती उष्णता थंडीत विरून जाते. मग दाब तसाच धरून ठेवायचा. दाब आहे तोवर वैशाखातल्या उन्हातही ते रेणू हलत नाहीत, टाकीवर साधं छप्परही लागत नाही. उन्हाळ्यात थोडाथोडा दाब सोडला की ते पुन्हा गरगरू लागतात, आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या पाण्यातून ओढून घेतात. ते गार पाणी नळ्यांतून घरोघर फिरतं आणि भिंतीतल्या जाळीतून गार हवा येते.

थोडक्यात, हिवाळा दाबून ठेवायचा आणि उन्हाळ्यात सोडायचा. पण हिवाळ्यात जेवढ्या टाक्या दाबल्या तेवढाच गारवा. मे महिन्यात नवा बनवता येत नाही. आणि मोजकी वस्तू कोणाला द्यायची, हा प्रश्न यंत्राचा नसून माझ्या विषयाचा आहे.

पहिले दोन उन्हाळे सगळा कारभार टाक्या उभारणाऱ्या कंपनीकडे होता. जास्त बोली लावील त्याला गारवा. मंगल कार्यालयं, संत्र्यांची गोदामं आणि बंगले हिवाळ्यासारखे गार झाले, आणि आमच्या गल्लीतून त्या दोन उन्हाळ्यांत तीन तिरड्या उठल्या. लोक रस्त्यावर आले. मग शीत मंडळ स्थापन झालं आणि सगळं सरकारी झालं. प्रत्येक घराला सारखा गारवा, फुकट. एकट्या म्हातारीला जेवढा, तेवढाच बारा माणसांच्या घराला. फुकट म्हणून कोणी तोटी बंद करीना, रिकाम्या खोल्याही गार होत राहिल्या. अक्षय तृतीयेच्या आसपास टाक्या संपल्या. गोदामांतली संत्री सडली, तिथं काम करणाऱ्या बाया घरी बसल्या, आणि पुढच्या हिवाळ्याच्या दाबणीसाठी मंडळाकडे दमडी उरली नाही.

तिसरी व्यवस्था आली ती मिश्र. काही गारवा हक्काचा, तो माणशी मिळणार. उरलेला बोलीचा, तो कंपनी कमिशन घेऊन विकणार, आणि त्या पैशातून पुढची दाबणी. दोन्हींच्या मधली रेषा कुठे ओढायची हे रोज पहाटे एक संगणक ठरवतो. गाव त्याला मुनीम म्हणतं. प्रत्येक खोलीत छताजवळ काळ्या मण्याएवढी काच बसवली आहे, तो मुनीमाचा डोळा. तो चित्र काढत नाही, आवाज ऐकत नाही, फक्त अंगाची ऊब पाहून माणसं मोजतो. निदान असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या शेवंताबाईंनी तो विषय काढला. "मॅडम, त्या डोळ्यासमोर लुगडं बदलाले लाज वाटते वो," त्या म्हणाल्या. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सरकार आणि कंपनी एकत्र बसले की डोळा लावतातच, त्यांच्या शब्दावर जाऊ नका. शेवंताबाईंनी कपाळावरची टिकली काढली, स्टुलावर चढल्या आणि माझ्याच खोलीतल्या डोळ्यावर ती चिकटवली. बायका खूप हसल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या घराघरांत, खोलीखोलीत टिकल्या लागल्या. आठवडाभर वाट पाहिली, गारव्यात काही फरक पडला नाही. माझा धाकटा भाऊ नरेश त्या रविवारी आला होता. टिकलीकडे पाहून तो हसला आणि पन्ह्याचा दुसरा पेला मागितला.

पुढे मे उजाडला, जाळी कोमट झाली, आणि माझा संशय सरळ नरेशवरच गेला.

नरेश हिरूळकर म्हणजे गावातला संत्र्यांचा मोठा व्यापारी. मृगबहाराची संत्री तो मार्चमध्ये गोदामात भरतो आणि मे-जूनमध्ये चढ्या भावानं काढतो. बोलीचा गारवा घेणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तो मंडळाच्या समितीतही बसतो. दिवाकररावांच्या उशाशी शेवंताबाईंना बसवून मी त्याच्याकडे गेले. गोदामाचं दार उघडलं तशी थंडी अंगावर आली. बाया स्वेटर घालून संत्री निवडत होत्या. मला त्या थंडीचा संताप आला.

"ताई, एवढ्या उन्हाची काऊन आली?" नरेश लगबगीनं उठला. "फोन करायचा ना. बस, पाणी पी."

"तुह्या गोदामात बाया स्वेटर घालून राहिल्या, आन् माह्या घरी तुहे भाऊजी मले कुसुम म्हणून राहिले."

त्याचा चेहरा उतरला. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"मी चोरी नाही करत, ताई. मुनीम सांगते आज इतका गारवा बोलीले हाय, मी बोली लावतो. बस."

"गेल्या साली याच दिवसांत तू गारवा पुरत नाही म्हणून रडत होता. यंदा बोलीले एवढा आला कुठून?"

"हक्काचा कमी लागून राहिला म्हणते. लोकं गावाले गेले असतील."

"कोणते लोकं?"

त्यानं टेबलावरचं एक संत्रं उचललं, त्याचा देठ नखानं टोकरला आणि पुन्हा ठेवलं. मग एकदम म्हणाला, "भाऊजींले इथं घेऊन ये. वरच्या ऑफिसात खाट टाकून देतो. उन्हाळाभर राहू दे."

आमचा नरेश प्रेमळ आहे, पण गोदामातली जागा तो कारणाशिवाय कोणाला देत नाही. लहानपणी आपल्या वाटणीचा गुळाचा खडा त्यानं आपणहून माझ्यापुढे केला, की मी आधी त्यानं लपवलेलं काय आई शोधतेय ते पाहायची.

"हक्काचा गारवा असताना तुह्या उपकारावर काऊन राहू?" असं म्हणून मी तिथून निघाले आणि थेट शीत मंडळाच्या कार्यालयात गेले.

मंडळाची व्यवस्थापक प्रणोती खंडारे माझी विद्यार्थिनी. त्या पाच गुणांच्या प्रश्नाला तिनं मला सगळ्यात लांब उत्तर लिहून दिलं होतं. मला पाहून ती उभी राहिली, खुर्ची दिली. मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. तिनं पडदा माझ्याकडे वळवला आणि गावाचा नकाशा दाखवला. माणसं असलेली घरं नारिंगी दिसत होती. आमची गल्ली काळी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मॅडम, तुमच्या गल्लीत कोणी राहतच नाही सध्या."

"मग तुझ्यासमोर बसलंय ते कोण?"

ती हसली, आणि माझ्याकडे पाहून हसू थांबवलं. मला तोवर स्टुलावर चढलेल्या शेवंताबाई आठवल्या होत्या. डोळ्यावर टिकली, म्हणजे खोलीत ऊब नाही. ऊब नाही, म्हणजे माणूस नाही. मुनीम एका दिवसावर विश्वास ठेवत नाही, कित्येक दिवसांची सरासरी धरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही. मग रोज पहाटे रेषा थोडी थोडी सरकत गेली. माणसं नाहीत त्या गल्लीला हक्काचा गारवा कशाला? तो बोलीत गेला. आम्ही बायकांनी हसत हसत स्वतःला मोजणीतून पुसून टाकलं होतं.

लाज वाटली, पण माझा संशय लाजेपाशी थांबत नाही.

"अख्खी गल्ली महिनाभर रिकामी दिसते, आणि तुला काही वाटलं नाही?"

"लोक थंड हवेच्या ठिकाणी गेले असतील असं वाटलं."

"शेवंताबाई? चिखलदऱ्याला?"

प्रणोतीनं मान खाली घातली. "आम्हाला बचतीचं लक्ष्य असतं, मॅडम. हक्काच्या गारव्यात बचत झाली की वरून शाबासकी येते. आकडा चांगला आला की कारण कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही."

"आणि कंपनी?"

"बोली वाढली तर त्यांचं कमिशन वाढतं. ते कशाला विचारतील?"

हे मात्र पुस्तकात नव्हतं. दोन्हींचे गुण एकत्र येतात म्हणून आम्ही शिकवत आलो. दोन्हींची सोयही एकत्र येऊ शकते, आणि मग दोघंही एकाच वेळी गप्प बसतात, हे कोणी लिहिलं नव्हतं. गप्प बसलेल्यांची मी मनात गणती करत होते तेव्हा मला तो रविवार आठवला. टिकलीकडे पाहून हसलेला नरेश. डोळा कशासाठी असतो हे गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? समितीत तो त्याच डोळ्यांच्या आकड्यांवर बोली लावायला बसतो.

मी प्रणोतीकडे वळले.

"टिकल्या आत्ता काढल्या तर?"

"मुनीम उद्या पहाटे मोजेल. आज रेषा हलणार नाही." प्रणोतीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज उन्हाचा लाल इशारा आहे, मॅडम. लाल इशाऱ्याच्या दिवशी आसरा कलम लागू होतं. बोलीचा गारवा जिथं आहे तिथं दारात आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही. कितीही माणसं असोत. कलम तेव्हा घाईनं घातलं होतं, अजून कोणी वापरलेलं नाही."

मी घरी पोचले तेव्हा शेवंताबाई दारातच उभ्या होत्या. "साहेब बोलून नाही राहिले वो मॅडम," त्या म्हणाल्या. दिवाकररावांचे डोळे उघडे होते, अंग कोरडं आणि तापलेलं. मी हाक मारली तर त्यांनी कुसुम असंही म्हटलं नाही.

ऑटो यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात मी गल्लीत दारोदार फिरले. घरातल्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना घेऊन नरेशच्या गोदामावर चला, असं सांगितलं. कोणी का म्हणून विचारलं तर आसरा कलम सांगितलं. माझा आवाज वर्गातला झाला होता, त्यामुळे फारसं कोणी विचारलं नाही.

नरेश गोदामाच्या शटरपाशी उभा होता. एकामागून एक ऑटो थांबताना पाहून तो पुढे आला. आतली संत्री त्याची वर्षाची कमाई होती. एवढी माणसं आत गेली, दारं उघडझाप झाली, की तो माल दोन दिवसांत मऊ पडणार हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"ताई, भाऊजींले आण म्हटलं होतं मी. सारी गल्ली नाही."

"टिकल्या साऱ्या गल्लीत होत्या, नरेश."

शटरच्या कडीवर त्याचा हात होता, तो तिथंच राहिला.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"मी काही केलं नाही, ताई." तो म्हणाला. "टिकली मी नाही लावली. रेषा मी नाही सरकवली. मले वाटलं, एक-दोन घरं असतील, काय फरक पडते. मंग बोलीले गारवा वाढत गेला, आन् मी... भाऊजींचं आठवलं तवा तुले म्हटलं ना, इथं आण म्हणून."

"एवढंच म्हणायचं होतं, ताई टिकली काढ. तीन शब्द."

मागच्या ऑटोत दिवाकररावांची मान कलली. नरेशनं ते पाहिलं. त्यानं शटर पूर्ण वर ढकललं, धावत गेला, आणि भाऊजींना स्वतः दोन्ही हातांवर उचलून आत नेलं.

गल्ली संत्र्यांच्या क्रेटांमध्ये बसली. कोणाला पोत्यावर, कोणाला पुठ्ठ्यावर जागा मिळाली. निवडणाऱ्या बायांनी आपले स्वेटर काढून म्हाताऱ्यांच्या पाठीखाली घातले. नरेशनं बाकीच्या दोन खोल्यांच्या तोट्या बंद करून सगळा गारवा या खोलीत वळवला. त्या खोल्यांतला माल त्यानं मनातून सोडून दिला होता. मग तो भाऊजींच्या पायाशी बसला आणि ओल्या फडक्यानं त्यांचे तळवे पुसत राहिला. वर छताशी मुनीमाचा डोळा होता, त्यावर टिकली नव्हती. नरेशला पश्चात्ताप झाला होता, की समितीत आपलं नाव खराब होईल ही धास्ती होती, हे मला ओळखता आलं नाही. सख्ख्या भावाच्या चेहऱ्यावरून ते ओळखता येऊ नये, याचं मला रडू आलं. डॉक्टर आले, सलाइन लागलं. सूर्य कलला तेव्हा दिवाकररावांच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब दिसला.

त्या संध्याकाळी घरोघरच्या टिकल्या निघाल्या. दुसऱ्या पहाटे मुनीमानं आमची गल्ली पुन्हा मोजली, आणि हळूहळू जाळीतून गार हवा येऊ लागली. प्रणोतीनं नवा नियम आणला: एखादी गल्ली अचानक रिकामी दिसली तर मंडळाचा माणूस जाऊन दार वाजवून पाहील. कंपनीनं खर्चाचं कारण सांगून विरोध केला, प्रणोतीनं त्या खर्चाचा हिशेब मागितला, मंडळ आणि कंपनी आता एकमेकांच्या आकड्यांवर डोळे लावून बसतात. मला ते बरं वाटतं. नुसती बोली असती तर त्या दुपारी आम्हाला कोणत्याही दारात उभं राहायचा हक्क नव्हता. नुसतं सरकारी असतं तर नरेशच्या गोदामात गारवाच शिल्लक नसता. दिवाकररावांना त्याच व्यवस्थेनं मरणाच्या दारात नेलं आणि त्याच व्यवस्थेनं परत आणलं. याला पाच गुणांत कसं बसवायचं, मला कळत नाही.

परत आणलं म्हणजे बरंचसं आणलं. ते पेपर वाचतात. कॅरमची सोंगटी अजून नेमकी मारतात. शेवंताबाईंना ओळखतात, दूधवाल्याला नावानं हाक मारतात. फक्त माझं नाव परत आलं नाही. मी कुसुम आहे, आणि राहणार, असं डॉक्टर म्हणाले.

जूनच्या पहिल्या रविवारी नरेश आला. गोदामातला अर्धा माल गेला होता, पण त्याबद्दल तो बोलला नाही. दाराशी चपला काढताना त्यानं एकदा वर डोळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दिवाकरराव त्याला पाहून उठून बसले. त्यांनी नरेशचा हात दोन्ही हातांत धरला.

"नरेश, तू होता म्हणून वाचलो मी," ते म्हणाले. "दोन्ही हातांवर उचलून नेलं तू मले. लेकरानं बापाले न्यावं तसं. ही कुसुम तर मले घरातच ठेवत होती."

नरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन याची तो वाट पाहत होता, कदाचित बोलावं असं त्याला वाटतही होतं. दिवाकररावांचा चेहरा आनंदानं उजळला होता. किती दिवसांनी तो तसा दिसत होता. मी स्वयंपाकघरात गेले, पन्ह्याचा पेला भरला आणि आणून नरेशच्या हातात दिला.

त्यानं तो हळूहळू संपवला. दुसरा मागितला नाही.